स्क्रीन काळी, आवाज गायब, व्हिडिओ अडकतोय? कॉम्प्युटरला ‘फॉरमॅट मारण्याआधी’ घरीच करा या तपासण्या

लाईट जाऊन परत आली, कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. किंवा घरच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तर आवाज येतोय पण चित्र काळं. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे, ‘दुकानात दे, फॉरमॅट मारून आण.’

सोनपेठ, पालम किंवा जिंतूरकडच्या गावातून सीपीयू गाडीवर बांधून परभणीला आणायचा, तर अख्खा दिवस जातो. वर दुरुस्तीचे पैसे वेगळे. पण खरं नुकसान वेगळंच असतं. फॉरमॅट केल्यावर सी ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर बहुधा त्याच ड्राइव्हवर असतात. म्हणजे स्क्रीनची केबल सैल होती आणि गेले मात्र मुलांचे फोटो, असं होऊ शकतं.

चित्र, आवाज आणि व्हिडिओच्या बहुतेक तक्रारींचा हार्ड डिस्कवरच्या तुमच्या फाइल्सशी संबंध नसतो. बिघाड दुसरीकडेच असतो आणि तो नेमका कुठे आहे, हे पैसे न घालवता बऱ्याचदा घरीच शोधता येतं. कसं, ते समजून घेऊ.

आधी साखळी समजून घ्या

स्क्रीनवर चित्र दिसेपर्यंत ते सहा टप्प्यांतून येतं: फाइल किंवा इंटरनेट, ती चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, ग्राफिक्स चिप, केबल आणि शेवटी मॉनिटर. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांच्यात दुभाष्याचं काम करणारं छोटं सॉफ्टवेअर. आवाजाची साखळीही अशीच, फक्त शेवटी मॉनिटरऐवजी स्पीकर.

तपासताना दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि बदलून पाहायला चालू स्थितीतली वस्तू वापरा, म्हणजे शेजाऱ्यांची केबल, घरातला टीव्ही किंवा मोबाईलचा इअरफोन. वस्तू बदलल्यावर अडचण गेली, तर दोषी तीच.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर

सुरुवात मॉनिटरच्या दिव्यापासून करा. दिवा लागतच नसेल, तर प्लग, बोर्ड आणि पॉवर केबल तपासा. घरात यूपीएस असेल, तर मॉनिटर त्याच्या बॅटरीच्या सॉकेटलाच जोडला आहे ना, ते पाहा. काही यूपीएसमध्ये एक-दोन सॉकेट फक्त सर्जपासून संरक्षण देतात, लाईट गेल्यावर ते बंद पडतात.

दिवा लागतोय आणि ‘नो सिग्नल’ असं दिसतंय, याचा अर्थ मॉनिटर जिवंत आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. अशा वेळी हे करा:

– केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा घट्ट बसवा. जुन्या निळ्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात, त्यातली एखादी वाकली आहे का ते बघा.
– डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावली, तर अनेकदा चित्र येत नाही.
– मॉनिटरच्या बटणांमधून ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ बदलून पाहा. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर व्हीजीएवर, हा घोळ नेहमीचा आहे.

कॉम्प्युटर चालू आहे, पंखा फिरतोय, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येतो, पण चित्र नाही, असं असेल तर कीबोर्डवरून दोन उपाय करून पाहा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली, की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. स्क्रीन क्षणभर लुकलुकते. तुमच्या उघड्या फाइल्सना यामुळे धक्का लागत नाही. दुसरा उपाय विंडोज आणि पी. लॅपटॉप आधी टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला जोडला असेल, तर चित्र ‘फक्त दुसरी स्क्रीन’ या पर्यायावर अडकून राहिलेलं असू शकतं. ते या बटणांनी परत आणता येतं.

डेस्कटॉप सुरूच होत नाही आणि आतून बीप-बीप असा आवाज येतो, तेव्हा तो कॉम्प्युटरचा इशारा असतो. बीपचा नेमका अर्थ मदरबोर्डच्या कंपनीनुसार बदलतो, पण रॅम नीट न बसणं हे त्यामागचं एक नेहमीचं कारण आहे. प्लग काढून, कॅबिनेट उघडून, रॅम काढून तिचे सोनेरी टोक खोडरबरने हलकेच पुसून परत बसवणं हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय घरीही करता येतो. फक्त त्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढा आणि पॉवरचं बटण २०-३० सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. तरीही काळंच दिसलं, तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारा. चित्र अंधूक दिसत असेल, तर फक्त मागचा प्रकाश गेलाय. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं, तर कॉम्प्युटर ठणठणीत आहे, दोष स्क्रीनचा किंवा तिच्या आतल्या केबलचा. आणि त्याच टीव्हीवर बघून तुम्ही सगळे फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेऊ शकता.

चित्र दिसतंय, पण बिघडलेलं

स्क्रीनवर रेघा, ठिपके, विचित्र रंग दिसत असतील, तर एक फुकटची तपासणी आहे. स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. मोबाईलवरही रेघा दिसल्या, तर गडबड कॉम्प्युटरच्या आत, म्हणजे ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपमध्ये आहे. मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसलं, तर दोष केबलचा किंवा स्क्रीनचा. हजारो रुपयांचं पॅनेल बदलण्याआधी ही एक मिनिटाची तपासणी नक्की करा.

सगळं पिवळसर: आधी सेटिंगमधला ‘नाइट लाइट’ बंद करा. तरी रंग एकाच बाजूला झुकलेला राहिला, तर व्हीजीए केबलची पिन तपासा.

अक्षरं फुसकट किंवा चेहरे ताणलेले: डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या रिझोल्यूशनपुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय, तेच निवडा.

‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश: मॉनिटरला झेपणार नाही असं रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट निवडला गेलाय. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करून तो ६० हर्ट्झवर आणा.

अपडेटनंतर स्क्रीन लुकलुकते: डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये ग्राफिक्स चिपच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथल्या ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय असतो. तो आधीचा ड्रायव्हर परत आणतो. बटण फिकट दिसत असेल, तर कॉम्प्युटरच्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून ड्रायव्हर घ्या.

परभणीचं ऊन, धूळ आणि वीज

अनेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचं तापमान योग्य असल्याचं लिहिलेलं असतं. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जाणं ही नित्याची बाब आहे. पत्र्याच्या खोलीत हा फरक आणखी वाढतो.

प्रोसेसर जास्त तापला, की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. त्यामुळे सकाळी सुरळीत चालणारा व्हिडिओ दुपारी अडखळतो. अनेकांना वाटतं की व्हायरस आला किंवा कॉम्प्युटर जुना झाला. प्रत्यक्षात पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळी आणि पंखा साफ करा. फुंकणी वापरत असाल, तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, खालच्या झडपा बंद होतात.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात किंवा स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट अर्थिंगकडे सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. घराला अर्थिंगच नसेल, तर तो प्रवाह पत्र्यावर साचतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापणं किंवा टू-पिनचा जोड लावणं म्हणजे हा धोका ओढवून घेणं. याचा उपाय कॉम्प्युटरच्या दुकानात नाही, वायरमनकडे आहे.

दुसरी, जोडणीची वेळ. कॉम्प्युटर टीव्हीला एचडीएमआयने जोडताना दोन्ही बंद ठेवा. अर्थिंग नीट नसलेल्या घरात चालू वस्तू जोडताना पोर्ट जळू शकतो.

तिसरी, वळवाचा पाऊस. मान्सूनपूर्व काळात मराठवाड्यात विजा कडाडतात. ढग दाटून आले, की बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. ब्रॉडबँडची तांब्याची वायर आणि डिशची केबलही काढा, कारण वीज त्या वाटेनेही येते. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप परिसरातल्या विजांचा इशारा देतं.

चित्र आहे, आवाज नाही

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज नेमका कुठे जातोय ते बघा. एचडीएमआय केबल चित्रासोबत आवाजही नेते. त्यामुळे एचडीएमआय लावल्यावर विंडोज अनेकदा आवाज मॉनिटरकडे वळवतं, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात. यादीतून तुमचे स्पीकर निवडले, की काम होतं. व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही, त्यासाठी वेगळी वायर लागते.

डेस्कटॉपच्या मागे स्पीकरची जागा साधारणपणे हिरव्या रंगाची असते, गुलाबी जागा माइकची. मोबाईलचा इअरफोन लावून बघा. त्यात आवाज आला, तर कॉम्प्युटर ठीक, स्पीकर बिघडलेला. ब्लूटूथ हेडफोन आधी जोडले असतील, तर दुसऱ्या खोलीत पडलेल्या त्याच हेडफोनमध्ये आवाज जात नाही ना, हेही तपासा.

फोनवर चालतो तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर का चालत नाही?

एमपी४ हे खरं तर डब्याचं नाव आहे. डब्याच्या आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळे कोडेक असू शकतात. २००३ मध्ये आलेला एच.२६४ हा कोडेक जवळपास सगळीकडे चालतो. २०१३ मध्ये आलेला एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, तितक्याच दर्जाचा व्हिडिओ साधारण निम्म्या जागेत बसवतो. आयफोन २०१७ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोन आता याच पद्धतीने शूटिंग करू शकतात. जुन्या कॉम्प्युटरला ती भाषा कळत नाही. म्हणून आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. फाइल खराब झालेली नसते, तेव्हा ती डिलीट करू नका.

यावरचा सोपा उपाय म्हणजे व्हीएलसी हा मोफत प्लेअर. तो बहुतेक कोडेक सोबतच घेऊन येतो. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो जन्मला आणि २००१ पासून मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणून उपलब्ध आहे. २०२२ मध्ये भारतात त्याची वेबसाइट काही महिने बंद होती, ती बंदी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उठली. तो फक्त अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. ‘कोडेक पॅक मोफत डाउनलोड करा’ अशा जाहिरातींमधून अनेकदा व्हायरस येतात.

लग्नाच्या जुन्या सीडी

२००० च्या आसपासची अनेक लग्नं व्हीसीडीवर आहेत. एका सीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचं चित्रण बसतं आणि चित्राचा आकार फक्त ३५२ बाय २८८ ठिपक्यांचा असतो. त्यामुळे आजच्या मोठ्या स्क्रीनवर ते धूसर दिसणारच, तो बिघाड नाही. सीडीतली ‘डॅट’ नावाची फाइल व्हीएलसीमध्ये उघडते.

डीव्हीडी टाकली आणि काहीच झालं नाही, तर ड्राइव्ह बिघडला असं लगेच समजू नका. विंडोज ८ पासून विंडोज मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय काढून टाकण्यात आली. इथेही व्हीएलसी उपयोगी पडतं. मात्र घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन व उष्णतेने तो खराब होतो. कपाटावरच्या सीडी अजून चालत असतील, तर त्यातल्या फाइल्स याच आठवड्यात कॉम्प्युटरवर आणि एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पुढच्या उन्हाळ्यानंतर त्या चालतीलच याची खात्री नाही.

व्हिडिओ अडकतो, तेव्हा दोष नेटचा की कॉम्प्युटरचा?

यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. तिथे ‘बफर हेल्थ’चा आकडा शून्याजवळ असेल, तर दोष इंटरनेटचा. तो आकडा भरपूर असून ‘ड्रॉप्ड’ फ्रेम्सची संख्या भराभर वाढत असेल, तर कॉम्प्युटरला व्हिडिओ झेपत नाही. दोन्ही वेळा दर्जा ४८० पर्यंत खाली आणला, तर फरक पडतो. पण नवीन रिचार्ज करायचा की पंखा साफ करायचा, हे या दोन आकड्यांवरून ठरतं.

व्हिडिओ हिरवा किंवा काळा दिसत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून बघा. फक्त ओटीटीवरचे चित्रपट काळे दिसतात आणि बाकी सगळं चालतं, तर कारण कॉपी रोखणारी सुरक्षा असू शकते. जुना मॉनिटर किंवा व्हीजीएचा जोड ती मान्य करत नाही.

आणखी एक दुर्लक्षित कारण म्हणजे कॉम्प्युटरवरची तारीख. मदरबोर्डवर नाण्याएवढी तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी असते. ती संपली, की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग वेबसाइट्स ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. लोक नेटवाल्याला फोन करतात, खरं तर बदलायचा असतो तो छोटासा सेल.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा इंग्रजी गिचमिड

दोन्ही अडचणी वेगळ्या आहेत. चौकोन दिसतात, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बरोबर आहे, पण देवनागरी फॉन्ट मिळत नाही. इंग्रजी गिचमिड दिसते, म्हणजे तो मजकूर श्रीलिपी, कृतीदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलाय. त्यासाठी तोच फॉन्ट लागतो किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो. व्हिडिओखालची मराठी सबटायटल्स बिघडली, तर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडा आणि फॉन्ट म्हणून ‘निर्मला यूआय’ ठेवा.

इथे मात्र थांबा

पॉवर सप्लायचा डबा आणि जुना पेटीसारखा मॉनिटर घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो. जळका वास आला किंवा लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला, तर वापर लगेच थांबवा.

स्क्रीनवर अचानक ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर ती फसवणूक आहे. खरा बिघाड कधीही फोन नंबर देत नाही. ब्राउझर बंद करा. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे ‘आता हे चालणारच नाही’ असं कुणी सांगितलं, तर तेवढं खरं नाही. तो कॉम्प्युटर चालतो, व्हिडिओही चालतात. पण त्यावर बँकेचे व्यवहार करणं टाळलेलं बरं.

दुकानात जावंच लागलं तर

१. काय होतं, कधीपासून होतं आणि तुम्ही काय-काय बदलून पाहिलं, हे कागदावर लिहून न्या. ‘टीव्हीवर चित्र येतं, लॅपटॉपवर नाही’ या एका वाक्याने निम्मं काम होतं.
२. ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या.
३. फॉरमॅट खरंच लागणार असेल, तर आधी डेटाची प्रत काढायला सांगा. कॉम्प्युटर सुरूच होत नसला, तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. काही नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.
४. बदललेला जुना भाग परत मागा आणि नव्या भागाचं बिल घ्या. वॉरंटी त्याच बिलावर मिळते.